कुठे लिहिलंय, दाखवा

डावा तळहात छातीसमोर पुस्तकासारखा उघडा धरायचा आणि उजव्या हाताचं बोट त्यावरून ओळ वाचल्यासारखं फिरवायचं. मग चष्म्याच्या वरून समोरच्याकडे बघत म्हणायचं, "कुठे लिहिलंय? दाखवा." आमच्या शेजारच्या सरांची ही खूण. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. भर मांडवात गुरुजींना थांबवून मंत्र दुरुस्त करणारी, लग्नाचा मुहूर्त टळला तरी चालेल पण उच्चार चुकता कामा नये अशी. फरक एवढाच की सर ख्रिस्ती होते, आणि त्यांच्या दुरुस्त्या सगळ्या येशूबद्दल असत.

मी मूळचा कोथरूडचा. कोथरूडचा माणूस हडपसरला राहायला जातो तेव्हा नातेवाईक आधी त्याची तब्येत विचारतात. पण माझी नोकरी हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतली, आणि रोज बसनं सगळं शहर ओलांडून जीव मेटाकुटीला आलेला. तेव्हा हडपसरला उसाच्या शेतांतून इमारती उगवत होत्या आणि आयटी पार्क आता येणारच, असं प्रत्येक बिल्डर शपथेवर सांगत होता. आम्ही राहायला आलो ते ऐन गणपतीत. शेजारच्या दारावर अस्सल नगरी आडनाव होतं, म्हणून मी आरतीला बोलावलं. सर आले, हात जोडून उभे राहिले, दोन मोदक खाल्ले, तिसरा मागून घेतला आणि निघताना म्हणाले, "आम्ही ख्रिस्ती. मोदक उत्तम होते."

मी ओशाळून म्हणालो, "सर, तसं वाटलं नाही हो."

"का? शिंगं दिसली नाहीत?"

पुढे ओळख वाढली तसा मी त्यांच्या दुरुस्त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक झालो. ते मला 'कोथरूडकर' म्हणत. मराठी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. फळा गेला, पण विद्यार्थ्यांची गरज गेली नव्हती. मी एकदा सहज 'गोऱ्यांचा देव' असं बोलून गेलो. लगेच तळहात उघडला. "बेथलेहेम लंडनच्या बाजूला आहे का हो? आशिया खंडातला माणूस तो. उन्हातान्हात पायी फिरणारा. तुमच्यापेक्षा सावळाच असेल, आणि तुम्ही काही फार उजळ नाही." नाताळच्या चित्रातले तीन राजे दिसले की म्हणत, "तीन कोणी मोजले? आणि राजे कोणी म्हटलं? ज्ञानी माणसं आली, एवढंच आहे." पंचवीस डिसेंबरचं तर विचारूच नका. ती तारीख शास्त्रात कुठेच नाही, मागाहून ठरली, हे त्यांनी वॉचमनलाही समजावलं होतं. त्यानं दरवर्षीप्रमाणे त्यांच्याकडून केक घेतला आणि मान डोलावली.

"पण धर्म तर त्यानंच स्थापन केला ना?" मी एकदा विचारलं.

"यहुदी घरात जन्मला, यहुदी म्हणूनच मेला. आपली सोसायटी कोणी काढली? बिल्डरनं? तो तर इमारत बांधून गेला. सोसायटी आपण काढली, नियम आपण केले, भांडणंही आपलीच."

हे ते हिंदूंनाच ऐकवत असं नाही. स्वतःच्या लोकांना जास्त. चर्चला ते जुन्या नगरी सवयीनं देऊळ म्हणत, आणि देवळातल्या पाळकांना रविवारी प्रवचन संपवून दारात उभं राहायची धास्ती वाटे. मरीया मग्दालीन वेश्या होती असं ते बिचारे एकदा बोलून गेले, तर सरांनी पायऱ्यांवरच तळहात उघडला. माणसं मेल्यावर देवदूत होतात, हाही त्यांचा आवडता राग. "देवदूत वेगळे, माणसं वेगळी. मेलेला माणूस देवदूत होतो असं कुठे लिहिलंय?" दुखवट्याच्या घरीसुद्धा त्यांनी हे विचारलेलं आहे. विद्वत्तेला वेळकाळ नसतो.

त्यांना टोकू शकणारी एकच व्यक्ती होती, त्यांची मुलगी सुवार्ता. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी. आई ती लहान असतानाच गेलेली. घरात ही दोघंच. सर तारखेवरून तणतणत असताना ती स्टुलावर चढून बाल्कनीत कागदाची चांदणी टांगायची आणि म्हणायची, "पप्पा, लिहिलेलं नाही, पण छान दिसतं." चांदणीची वायर मात्र सरच धरून उभे असत.

सुवार्ताला फिट यायच्या. शाळेत असल्यापासून. रोजच्या गोळ्यांनी त्या आटोक्यात होत्या, पण कधी जागरण झालं, गोळी चुकली, की उभ्या उभ्या कोसळायची. त्या घराचे त्यामुळे दोन नियम होते. बाथरूमला आतून कडी नाही; सरांनी ती स्वतः स्क्रू काढून काढली होती, दारावर नुसती भोकं होती. आणि आंघोळ करताना गात राहायचं. गाणं थांबलं की सरांनी दार ढकलायचं. सर बाहेर स्टुलावर पेपर घेऊन बसत, पण कान गाण्याकडे. त्यांचं आणि आमचं बाथरूम एकाच डक्टला, म्हणजे पाइपांच्या उभ्या बोळाला, लागून, त्यामुळे ते गाणं आम्हालाही ऐकू यायचं. कधी देवळातली गीतं, कधी सिनेमातली. सूर यथातथाच होता. माझी बायको म्हणायची, मुलीची आंघोळ ऐकली की आपला दिवस चांगला जातो.

मुलगी हुशार. इंजिनिअर झाली, आणि एकदाचं आयटी पार्क आलं तसं त्यातल्या एका कंपनीत लागलीही. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालून कंपनीच्या बसमध्ये चढताना तिला बघून सरांची मान इतकी ताठ व्हायची की चष्म्याच्या वरून बघणं जमायचं नाही. तेव्हा त्या पोरांचं सगळं आयुष्य एका शब्दाभोवती फिरत होतं, ऑनसाइट. म्हणजे अमेरिका. सुवार्ताचा नंबर लागला होता. सोसायटीत पेढे वाटून झाले होते. आणि जायच्या आधी कॅन्टीनमध्ये, सगळ्यांच्या देखत, तिला फिट आली. तोंडाला फेस आलेला, कपडे ओले झालेले. कंपनीनं काळजीपोटी तिचं नाव काढून टाकलं. त्याच सुमारास एक स्थळ होकारापर्यंत आलं होतं, तेही बातमी लागताच फिरलं. दोन्हीकडून तिला एकच सांगण्यात आलं, आधी बरी हो.

बरं करणारे लवकर भेटले. ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं तिला रविवारी वाघोलीच्या बाजूला एका मंगल कार्यालयात नेलं. तिथे प्रार्थनासभा भरे. माइक, गिटार, मोठा पडदा. लोक उभे राहून रडत आणि बरे झालो म्हणून सांगत. सुवार्ता पहिल्या दिवशी परत आली ती चेहरा उजळूनच. सर म्हणाले, "जाऊ दे. गाणी म्हणतात, वाईट काय?"

मग एका शनिवारी सर बाजारात गेलेले असताना तिनं सुतार बोलावून बाथरूमला कडी बसवून घेतली. सर पिशवी हातात घेऊन दारासमोर उभे. ती म्हणाली, "पप्पा, मी तिशीला आले. मला आंघोळीला कडी हवी. यात चूक काय आहे?" चूक काहीच नव्हती, तेच तर अवघड होतं. सर स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले, दाराशी थोडा वेळ उभे राहिले आणि तो परत डब्यात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवसापासून डक्टमधून गाणं यायचं बंद झालं. नुसता कडीचा आवाज, मग पाण्याचा.

पुढच्या रविवारी सर माझ्याकडे आले. "कोथरूडकर, गाडी काढता का? ही माणसं कोण आहेत ते एकदा बघतो." सुवार्ताला आनंद झाला. तिला वाटलं, पप्पा वळले.

मंगल कार्यालयात पडद्यावर सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा येशू होता. सर माझ्या कानाशी म्हणाले, "हा पाहुणा कोण?" मला हसू आलं. ते शेवटचं हसू. प्रचारक तरुण होता, कडक इस्त्रीचा, बोलण्यात मराठी-इंग्रजी-हिंदी एकत्र. त्यानं साक्ष द्यायला सुवार्ताचं नाव पुकारलं. ती स्टेजवर गेली. माइक दोन्ही हातांनी धरून तिनं सांगितलं, की तिचा आजार गेला आहे, आणि विश्वास ठेवला म्हणून तिनं गोळ्या बंद केल्या आहेत. टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांना ही बातमी आमच्याबरोबरच कळली.

ते उभे राहिले. तळहात उघडला. "येशूनं औषध सोडा असं कोणाला सांगितलंय? कुठे लिहिलंय? दाखवा." आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

प्रचारक रागावला नाही, हसला. "अंकल, प्लीज बसा. हे प्रश्न विचारणारं डोकं आज इथेच ठेवून जा, फार लाइट वाटेल." लोक हसले. कोणीतरी सरांच्या खांद्यावर हात ठेवून प्रेमानं त्यांना खाली बसवलं. स्टेजवर सुवार्तानं मान खाली घातली. कॅन्टीनमध्ये पडल्यावर ती अशीच बसली असेल.

परतताना सर पुढे माझ्या शेजारी बसले. खराडीच्या सिग्नलला ती मागच्या सीटवरून बोलली. आवाज शांत होता.

"पप्पा, तो गोरा नव्हता. डिसेंबरात जन्मला नव्हता. त्यानं धर्म काढला नाही. लहानपणापासून ऐकतेय मी. तो काय नव्हता ते सगळं तुम्हाला माहीत आहे. तो कोण आहे ते एकदा तरी सांगितलंत मला? त्या लोकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणाले, तू पडतेस तेव्हा तो तुझ्याजवळ बसलेला असतो."

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. सर खिडकीबाहेर बघत राहिले.

नंतरचे आठवडे ते रोज लढले. गोळी ताटात वाढली, पाया पडले, डॉक्टरांना घरी आणलं. पाळकांनाही बोलावलं, त्यांनी बिचाऱ्यांनी जुनं सगळं विसरून मुलीला तासभर समजावलं. ती सगळ्यांना हसून एकच सांगे, "बघा ना, कुठे आली फिट?" आणि खरंच येत नव्हती. रंग सुधारला, वजन भरलं. ऑफिसात पुन्हा ऑनसाइटचं बोलणं निघालं. एका संध्याकाळी सर जिन्यात भेटले, आणि मी त्यांना कधी इतकं लहान झालेलं पाहिलं नव्हतं. म्हणाले, "कोथरूडकर, तिला खरंच बरं वाटतंय हो. माझंच चुकत असेल तर?" त्यांना किती मनापासून चुकायचं होतं! आयुष्यात पहिल्यांदाच.

ती सकाळ मंगळवारची होती. कंपनीची बस खाली येऊन हॉर्न देऊन गेली. आमच्या बाथरूममध्ये डक्टमधून पाण्याचा आवाज येत होता, आणि तो थांबत नव्हता. मग सरांच्या हाका ऐकू आल्या. आधी हळू, मग दारावर थापा, मग एक असा आवाज की मी आणि बायको अनवाणी धावलो. दार आतून बंद. मी खांदा मारला, वॉचमननं लाथा घातल्या. कडी चांगली भक्कम होती, सुतारानं काम मन लावून केलं होतं. दार उघडलं तेव्हा सर माझ्या बगलेखालून आत शिरले. ती बादलीशी पालथी पडलेली होती आणि नळ चालू होता. सरांनी आधी नळ बंद केला. तो का आधी बंद केला, ते मला आजही कळत नाही.

दफनाला खूप माणसं आली. ऑफिसातली पोरं गळ्यातले पट्टे तसेच घालून आली होती. खड्ड्याशी सोसायटीतल्या एक वयस्क बाई सरांजवळ आल्या आणि पदराला डोळे पुसत म्हणाल्या, "सर, लेक तुमची देवदूत झाली हो."

आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सरांचा डावा तळहात उघडला. सवयीनंच उघडला असणार. पण दुसऱ्या हाताचं बोट आलंच नाही. तो हात तसाच पसरलेला राहिला. पाळकांना वाटलं, माती मागताहेत. त्यांनी त्या तळहातावर मूठभर माती ठेवली. सरांनी ती बराच वेळ पाहिली आणि मग खाली सोडली.

सभेची दोन-चार माणसं पंधरवड्यानंतर भेटायला आली. मी तिथेच होतो. त्यातला एक जण अगदी मृदू आवाजात म्हणाला, की मुलीचा विश्वास पक्का होता, पण घरात संशय असला की आशीर्वाद अडतो. मला वाटलं, आता सर त्याला घराबाहेर काढतील. मी स्वतः उठलो होतो. सर म्हणाले, "चहा घेणार?" आणि आत जाऊन चहा टाकला. ती माणसं गेल्यावर मीच संतापून म्हणालो, "सर, विचारायचं होतंत ना, कुठे लिहिलंय!" ते म्हणाले, "विचारून झालंय माझं."

त्यानंतर त्यांनी कोणाचंच काही दुरुस्त केलं नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी भाषणात येशूचं जन्मगाव जेरुसलेम सांगितलं, सर टाळ्या वाजवत बसले. वॉचमननं पंचवीस तारखेला वाकून 'येशूचा वाढदिवस मुबारक' म्हटलं, तर म्हणाले, "तुम्हालाही." त्या डिसेंबरात ते स्टुलावर चढून चांदणी टांगत होते. वायर धरायला मी गेलो.

चांदणी लागल्यावर आम्ही बाल्कनीत बसलो. त्यांनी आपण होऊन विषय काढला.

"तिनं गाडीत विचारलं होतं ना, तो कोण आहे म्हणून?"

"हो."

"त्याचा एक मित्र मेला होता. हा उशिरा पोचला. त्या मित्राच्या बहिणी म्हणाल्या, आधी आला असतास तर तो मेला नसता. तेव्हा हा रडला." सरांनी मान वर करून चांदणीकडे पाहिलं. "बस. रडला. हे मात्र लिहिलंय, कोथरूडकर. हे आहे. एवढंच तिला सांगायचं होतं, की तू पडतेस तेव्हा गोळ्या घे, आणि तो रडतो. मला वेळेवर आठवलं नाही. बाकी सगळं आठवत होतं."

चांदणीचा लाल उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला होता. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला नाही.

मोडलेलं दार त्यांनी बदललं नव्हतं. चौकटीला फळी ठोकून तेच पुन्हा बसवलं, बिनकडीचं. पाहुणा आला की सर आधीच सांगत, "आत गेलात की गुणगुणत राहा." लोकांना वाटे, म्हातारा भ्रमिष्ट झाला. मी जाई तेव्हा गुणगुणत असे. तीन वर्षांनी सर झोपेत गेले. पाळकांनी दफनाच्या वेळी त्यांच्याबद्दल चांगलं बोलताना दोन तारखा चुकवल्या. दुरुस्त करायला कोणी नव्हतं.

त्यांचा फ्लॅट पुतण्यानं विकला. आता तिथे आयटीतलं तरुण जोडपं राहतं, नागपूरकडचं. चांगली मुलं आहेत. आल्या आल्या स्क्रू ड्रायव्हर मागायला मुलगा आमच्याकडे आला होता. म्हणाला, "काका, आधीचे ओनर ख्रिश्चन होते ना? म्हणजे गोव्याचे?"

"नगरचे," मी म्हणालो.

"अच्छा. बाथरूमच्या दाराला नुसती भोकं आहेत हो. कडीच नाहीये. का बरं?"

मी त्याला सांगायला तोंड उघडलं. पण नव्या घराचा आनंद होता त्याच्या चेहऱ्यावर. मागे उघड्या दारातून त्याची बायको पडद्यांचं माप घेताना दिसत होती. मी म्हणालो, "तुटली होती." संध्याकाळपर्यंत सुतार आला आणि त्यानं जुन्याच भोकांत नवी कडी बसवली.

सकाळी ती लागल्याचा आवाज डक्टमधून आमच्याकडे येतो. आला की माझा दात घासणारा हात थांबतो. ती उघडल्याचा आवाज येईपर्यंत मी बाहेर येत नाही. बायको कधी विचारत नाही, इतका वेळ काय करता म्हणून. स्वयंपाकघरात गॅस बारीक करून तीही उभी असते.